घर रिकामं करून घेण्याचा दावा: फी थोडी, वेळ महाग

महाराष्ट्रात मालक-भाडेकरूच्या दाव्यात कोर्ट फी ही खर्चाच्या यादीतली बहुतेक वेळा सगळ्यात लहान रक्कम असते. चाळीतल्या खोलीचं भाडं महिना ५०० रुपये असेल, तर ताब्याच्या दाव्याची फी वर्षाच्या ६,००० रुपयांवर मोजली जाते. त्या खोलीची बाजारात किंमत काय, याच्याशी फीचा संबंध नाही. मात्र तोच दावा खालच्या कोर्टातून अपिलात आणि तिथून हायकोर्टात गेला, की वकील, तारखा, नकला आणि मधल्या वर्षांचं बुडालेलं उत्पन्न यांची बेरीज फीच्या कितीतरी पट होते.

हा वेळ किती लागणार, हे बरंचसं दावा दाखल होण्याआधीच ठरलेलं असतं. तुमच्या हातात कोणता कागद आहे आणि पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही काय केलंत, यावर ते अवलंबून असतं. मालक असा की भाडेकरू, हा हिशेब दोघांनीही आधी मांडावा.

आधी हे ठरवा: भाडेकरू की लायसन्सी?

बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो. कोर्टात मात्र दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

पहिला प्रकार जुन्या भाडेकरूचा: पगडीची खोली, वाड्यातलं बिऱ्हाड, बाजारपेठेतलं पिढीजात दुकान. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं पूर्ण संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मुंबई-पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा, विदर्भात १९४९ चा आणि मराठवाड्यात १९५४ चा, असे तीन वेगळे कायदे होते. कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कारण मालकाने सिद्ध केलं तरच अशा भाडेकरूला बाहेर काढता येतं. ‘माझं घर आहे, मला परत हवंय’ एवढं पुरत नाही.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा: ११, २२, ३३ किंवा ६० महिन्यांचा करार करून दिलेला फ्लॅट. इथे राहणाऱ्याला फक्त वापरण्याची परवानगी असते आणि मुदत संपली की ती संपते. ‘११ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं की तो भाडेकरू होतो’ ही समजूत अजून फिरते. तिचं मूळ जुन्या कायद्यातल्या दुरुस्तीत आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू असलेल्या करारावर जागेत असलेल्या लायसन्सींना तेव्हा भाडेकरूचा दर्जा मिळाला होता. आज तशी तरतूद नाही. मुदत किती महिन्यांची, यापेक्षा करार लेखी आणि नोंदणीकृत आहे का, हे महत्त्वाचं.

तिसरा प्रकार १९९९ च्या कायद्याने वगळलेल्यांचा: बँका, सरकारी कंपन्या, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या, तसंच ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी रुपये किंवा अधिक आहे अशा प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्या. यांना संरक्षण नाही. भाडेपट्टा रद्द केल्याची रीतसर नोटीस देऊन ताबा मागता येतो. महिन्याच्या भाडेपट्ट्यासाठी ती १५ दिवसांची असते.

केंद्राच्या ‘मॉडेल टेनन्सी ॲक्ट’चा हवाला देऊन ‘दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असं अनेक जण सांगतात. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात चालतो तो १९९९ चाच. गोव्यात १९६८ चा वेगळा कायदा असून तिथलं काम रेंट कंट्रोलरकडे सुरू होतं, त्यामुळे पुढची माहिती गोव्याच्या घरांना लागू नाही.

कोणतं दार ठोठावायचं?

बृहन्मुंबईत मालक-भाडेकरूचे दावे लघुवाद न्यायालयात, म्हणजे स्मॉल कॉज कोर्टात चालतात. मुख्य इमारत धोबी तलावला लोकमान्य टिळक मार्गावर, शाखा वांद्र्याला. जागेची किंमत कितीही कोटींत असली तरी ताब्याचा दावा इथेच येतो. पुण्यासारख्या ज्या शहरांत लघुवाद न्यायालय आहे, तिथे त्या न्यायालयात आणि इतर गावी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जायचं.

राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी हलत नसेल, तर दिवाणी दाव्याची गरज नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली ‘सक्षम प्राधिकारी’ यांच्याकडे अर्ज करता येतो. दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिलं असेल, तर मात्र हा जवळचा रस्ता मिळत नाही. मुंबईत तोही दावा लघुवाद न्यायालयातच जातो.

नातेवाईक किंवा मित्र फुकट राहत असेल तर? सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये प्रभुदास कोटेचा प्रकरणात ठरवलं, की मुंबईच्या लघुवाद न्यायालयाच्या कायद्यातल्या ‘लायसन्सी’ या व्याख्येत मोबदला न देता राहणाराही येतो. म्हणजे ‘भाडं घेतलंच नव्हतं’ म्हणून मुंबईत दुसरं कोर्ट शोधायला नको.

लिव्ह अँड लायसन्स: जवळचा रस्ता आणि त्याचा हिशेब

सुरुवात करारापासून करू. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे (कलम ५५). नोंदणी केली नाही, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला की, वेगळं काही सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं. मालकाला खरी भीती दंडापेक्षा या दुसऱ्या गोष्टीची असायला हवी.

नोंदणीचा खर्च मात्र किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रकमेत मुदतीचं सगळं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज येतं. समजा ठाण्यातला फ्लॅट, महिना २५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने. भाडं २,७५,००० रुपये. डिपॉझिटवरचं ११ महिन्यांचं व्याज साधारण ९,१६७. बेरीज २,८४,१६७. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७१० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटचं कमिशन आणि घरी येऊन अंगठा घेणाऱ्याचे पैसे. एवढे वाचवण्यासाठी साध्या स्टँप पेपरवर सही घेऊन मोकळे होणारे मालक पुढे सगळ्यात जास्त पैसे मोजतात.

आता मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही. सक्षम प्राधिकाऱ्यांकडचं काम असं चालतं:

१. मालक अर्ज करतो. सोबत करार, मालकीचा पुरावा, नोटीस पाठवली असेल तर तिची पोच. सरकारी शुल्क नाममात्र.

२. समन्स जातं. ते मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याने शपथपत्रावर ‘मला हे प्रकरण लढवण्याची परवानगी द्या’ असा अर्ज करावा लागतो. नुसतं हजर राहून तारीख मागणं पुरत नाही.

३. परवानगी मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झाल्याचं धरून ताब्याचा आदेश होतो.

४. परवानगी मिळाली तर सुनावणी होते. पण लेखी करारात जे लिहिलं आहे ते त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानलं जातं. ‘तोंडी पाच वर्षं ठरली होती’ हे इथे टिकत नाही.

५. आदेशाविरुद्ध अपील नाही. विभागीय आयुक्त कार्यालयातल्या अतिरिक्त आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. तिथे हरल्यास हायकोर्टात रिट.

मुदत संपल्यानंतर राहिलेल्या काळासाठी करारातल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. वरच्या ठाण्याच्या उदाहरणात राहणारा मुदतीनंतर १० महिने टिकून राहिला, तर महिना ५०,००० प्रमाणे ५ लाख रुपये. त्याचं १ लाखाचं डिपॉझिट पहिल्या दोन महिन्यांतच संपतं. ‘डिपॉझिट वळतं होईपर्यंत राहतो’ असं ठरवणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा. मालकानेही लक्षात ठेवावं, की आदेशात रक्कम मिळणं आणि ती हातात पडणं यांत अंतर आहे. राहणाऱ्याचा नोकरीचा आणि कायमचा पत्ता करारात घेतला नसेल, तर वसुली करायची कुणाकडून?

जुना भाडेकरू: कारण सिद्ध करा

भाडं थकलं असेल तर कलम १५, बाकीची कारणं कलम १६ मध्ये. वारंवार वापरली जाणारी अशी:

थकबाकी. मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. ती मिळाल्यावर ९० दिवस थांबायचं. त्यानंतरच दावा. समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढे निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर या कारणावर घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. हिशेब पाहा: महिना १,००० रुपये भाडं, २४ महिने थकलेले. मुद्दल २४,०००. पहिल्या महिन्याचं भाडं २४ महिने थकलं, शेवटचं एक महिना, या हिशेबाने व्याज ३,७५०. एकूण २७,७५० आणि दाव्याचा खर्च. एवढ्या रकमेने घर वाचतं. पण पुढच्या काळात भाडं भरण्यात खंड पडला, तर हे कवच निघून जातं.

मालकासाठी एक सूचना: तीन वर्षांपेक्षा जुन्या थकबाकीची वसुली मुदतीच्या कायद्यात अडकते. दहा वर्षं गप्प बसून सगळं एकदम मागता येत नाही.

मालकाची स्वतःची गरज. गरज खरी आणि रास्त असली पाहिजे. मुलाचं लग्न, वाढलेलं कुटुंब, स्वतःचा दवाखाना. गरज सिद्ध झाल्यावरही कोर्ट तराजू धरतं. हुकूम दिल्याने भाडेकरूचे हाल जास्त होतील की न दिल्याने मालकाचे? इथे दोघांकडच्या इतर जागांचा पुरावा निर्णायक ठरतो. शक्य असेल तर जागेच्या काही भागाचाच हुकूम होऊ शकतो. ताबा मिळाल्यावर मालक महिन्याभरात स्वतः राहायला गेला नाही किंवा वर्षभरात ती जागा दुसऱ्याला दिली, तर जुना भाडेकरू पुन्हा ताबा मागू शकतो. खोट्या गरजेचा दावा म्हणूनच महागात पडतो.

सहा महिने बंद जागा. दाव्याच्या आधीचे सलग सहा महिने, रास्त कारण नसताना, ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामासाठी ती वापरली नाही. पुरावा साधा असतो: शून्य युनिटची लाइट बिलं, मतदारयादी, गॅसचा पत्ता, शेजाऱ्यांची साक्ष. भाडेकरू आजारपणासाठी मुलाकडे गेला असेल तर डॉक्टरांचे कागद जपून ठेवावेत.

पोटभाडेकरू. मालकाच्या संमतीशिवाय जागा दुसऱ्याच्या हवाली केली. दुकानात ‘भागीदार’ म्हणून आणलेला माणूस खरा भागीदार आहे की जागेचं भाडं देणारा, यावर साक्षी रंगतात. भागीदारीचा करार, बँक खातं आणि हिशेबवह्या तयार हव्यात.

लेखी संमतीविना पक्कं बांधकाम, जागेची नासधूस, शेजाऱ्यांना उपद्रव. इथे कोर्ट कमिशनरची पाहणी आणि फोटो उपयोगी पडतात. पोटमाळा आधीपासून होता की आता घातला, हे ठरवायला पालिकेचे जुने नकाशे आणि दुरुस्तीच्या परवानग्या शोधाव्या लागतात.

भाडेकरू वारला तर? त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबीय आधी येतो. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, आधारचा पत्ता आणि मृत्यूनंतर मालकाने कुणाच्या नावाने पावती फाडली, हे कागद त्या वेळी लागतात.

दाव्याचा प्रवास आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च

नोटीस. वकिलाची फी आणि टपाल. पोच मिळेल अशाच टपालाने पाठवा. नोटिशीत थकबाकीचे महिने चुकले, तर तोच मुद्दा दोन वर्षांनी उलटतपासणीत निघतो.

दावा दाखल. गेल्या एका वर्षाच्या भाड्यावर कोर्ट फी. थकबाकीही मागितली तर तिचा हिशेब वेगळा. सोबत वकीलपत्र, शपथपत्र, समन्सचा खर्च, झेरॉक्स. मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकारांना राज्य सरकारच्या १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. वादी स्त्री असेल तर ही सूट आपल्या दाव्याला मिळते का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

समन्स. इथेच महिने जातात. प्रतिवादीचा पत्ता चुकीचा, बेलिफ गेला तेव्हा दाराला कुलूप, एक भाऊ परदेशात. सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते आधीच गोळा केले, तर हा टप्पा आटोपशीर होतो.

कैफियत. भाडेकरूने ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत. ही मुदत गेली की लढाई अर्धी हरलेली असते. न आल्यास प्रकरण एकतर्फी चालतं. मग एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायला नवा अर्ज, नवा खर्च.

मधले अर्ज. मालकाचा मनाई हुकमाचा अर्ज, जागा तिसऱ्याला देऊ नये म्हणून. भाडेकरूचा दुरुस्तीसाठी, पाण्यासाठी. प्रत्येक अर्जाला वकिलाची वेगळी फी लागते का, हे आधीच विचारलेलं बरं.

पुरावा. सरतपासणीचं शपथपत्र, मग उलटतपासणी. साक्षीदाराने कामावरून रजा काढून यायचं आणि त्याच दिवशी तहकुबी मिळायची, असं घडतं. आर्किटेक्ट किंवा व्हॅल्युअर साक्षीला आणायचा असेल तर त्याची फी वेगळी.

हुकूमनामा आणि अपील. निकालाविरुद्ध ३० दिवसांत अपील. मुंबईत ते त्याच लघुवाद न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. त्यापुढे हायकोर्टात पुनरीक्षण किंवा रिट.

दरखास्त. हुकूम मिळाला म्हणजे किल्ली मिळाली असं नाही. अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करावी लागते. बेलिफ जातो, कुलूप तोडण्याची आणि पोलीस बंदोबस्ताची परवानगी लागू शकते, बंदोबस्ताचे पैसे भरावे लागतात. कोणी तिसराच ‘मी इथे राहतो’ म्हणून आडवा आला, तर त्याची हरकत आधी ऐकली जाते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात सांगितलं आहे. दरखास्त लांबत असेल तर वकिलाने या निकालाची आठवण कोर्टाला द्यावी.

हरलेल्या भाडेकरूचं अपील स्वस्त राहिलेलं नाही

अपील करून स्थगिती घ्यायची आणि जुन्याच भाड्यात वर्षं काढायची, ही युक्ती एके काळी चालायची. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात सांगितलं, की हुकूम झाल्यावर स्थगिती हवी असेल तर वरचं कोर्ट बाजारभावाच्या जवळ जाणारी रक्कम भरण्याची अट घालू शकतं. २००९ मध्ये ही अट खुद्द महाराष्ट्र सरकारला लागली. फोर्टमधल्या सुमारे ९,००० चौरस फूट जागेत सरकार भाडेकरू होतं आणि भाडं महिना सव्वापाच हजारांच्या आसपास. हायकोर्टाने स्थगितीसाठी महिना ५ लाख ४० हजार भरायला सांगितलं आणि सुपर मॅक्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं.

म्हणून हरल्यावर अपील करण्याआधी भाडेकरूने परिसरातला दर काय आहे हे पाहावं आणि तेवढी रक्कम दरमहा भरता येईल का, हे घरात बसून ठरवावं. मालकाने अपिलाच्या पहिल्याच तारखेला अशी अट मागावी, व्हॅल्युअरचा अहवाल हाताशी ठेवून.

काय करू नये

मालकाने कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, पाणी-वीज तोडणं. रागाच्या भरात केलेली ही कामं सगळ्यात महाग पडतात. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत विशिष्ट दिलासा अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्यात मालकी कुणाची हा प्रश्न विचारला जात नाही. अत्यावश्यक सेवा तोडण्याविरुद्ध भाडे कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात जाता येतं. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन घर खाली होत नाही. ताबा देण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

भाडेकरूने भाडं थांबवणं हीही तशीच चूक. मालक पैसे घेत नसेल, तर मनीऑर्डर किंवा चेक पाठवून ‘नाकारलं’ असा शेरा आलेलं पाकीट न फोडता जपून ठेवावं. मालक दुरुस्ती करत नसेल, तर लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करून घेता येते आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करता येते. पण बिलं हवीत. मालकाने पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे. रोख देऊन पावती न घेणाऱ्याने स्वतःचा बचाव स्वतःच कमकुवत केलेला असतो.

पैसे नसतील तर

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, तसंच अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. हेल्पलाइन १५१००. वाद लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

प्रकरणाची तारीख कळण्यासाठी दर वेळी वकिलाला फोन करायला नको. दाव्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख, झालेलं काम आणि आदेश दिसतात.

तडजोड: आकड्यांवर करा, रागावर नको

मालकाने तीन रकमा कागदावर लिहाव्यात. जागा मोकळी असती तर वर्षाला किती मिळालं असतं. वकिलाने सांगितलेला खर्च, अपिलासह. आणि भाडेकरू आज निघत असेल तर त्याला किती देता येईल. भाडेकरूनेही लिहावं: दुसरीकडे भाड्याने राहण्याचा वर्षाचा खर्च, हरल्यास भरावी लागणारी रक्कम, मुलांची शाळा बदलण्याचा त्रास. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बऱ्याचदा मधली रक्कम दिसते.

तडजोड झाली तर ती कोर्टापुढे ठेवून तिचा हुकूमनामा करून घ्या. घर सोडण्याची नेमकी तारीख, पैसे कोणत्या टप्प्यावर, तोवरचं भाडं किती, आणि भाडे कायद्यातलं कोणतं कारण भाडेकरूने मान्य केलं, हे चारही मुद्दे त्यात हवेत. शेवटचा मुद्दा राहिला तर संरक्षित भाडेकरूविरुद्धचा तडजोडीचा हुकूम पुढे वादात सापडू शकतो. किल्ली आणि पैशांची देवाणघेवाण एकाच दिवशी, साक्षीदारांसमोर करावी.

वकिलाला पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

वकिलाच्या फीचा सरकारी दर नसतो. कोणी पूर्ण दाव्याची एकरकमी फी घेतं, कोणी टप्प्यांची, कोणी प्रत्येक हजेरीची. म्हणून विचारा:

- माझं प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यांकडे जाईल की दिवाणी दावा लागेल, आणि का?
- फी एकरकमी की हजेरीची? तहकुबी झाली त्या दिवसाचे पैसे लागतील का?
- मधले अर्ज, अपील आणि दरखास्त या फीत धरले आहेत का?
- कोणतं कारण सर्वांत भक्कम आहे? कमकुवत कारणं वगळली तर दावा लवकर संपेल का?
- आज माझ्याकडे नाहीत असे कोणते कागद लागतील?
- दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळेल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत फी ठरवू नका. मालकाकडे मालकीचा दस्त, घरपट्टी, भाडेपावत्यांची स्थळप्रत, करार आणि पत्रव्यवहार हवा. भाडेकरूकडे सगळ्या पावत्या, लाइट बिलं, रेशनकार्ड आणि जुना करार. ही फाइल तारीखवार लावून नेली, तर वकिलाचा वेळ आणि तुमचा खर्च दोन्ही वाचतात. फाइल अपुरी असेल तर दाव्याची घाई न करता आधी नकला काढा. मुदतीची शेवटची तारीख तेवढी वकिलाकडून लेखी घ्या आणि स्वतःच्या वहीतही लिहून ठेवा: नोटिशीचे ९० दिवस, समन्सचे ३० किंवा ९०, अपिलाचे ३०. या दाव्यांत यातली एक तारीख चुकली, तर तिची किंमत कोर्ट फीपेक्षा नेहमीच जास्त असते.